कोरोना गेला, थकवा मागे राहिला

 

आज आपण अशा एका दुखण्याबद्दल बोलणार आहोत, जे अंगावर दिसत नाही. ताप नाही, सूज नाही, जखम नाही. त्यामुळे घरातले म्हणतात, "हिला काय धाड भरलीय? जेवते, बोलते, चालते. कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काही नाही."

आमच्या गटातल्या एका ताईंनी हे दोन वर्षं ऐकलं. २०२१ साली दुसऱ्या लाटेत त्यांना कोरोना झाला. दवाखान्यात भरती व्हावं लागलं नाही. घरीच औषध घेतलं, पंधरा दिवसांत ताप गेला. सगळ्यांना वाटलं, सुटली बाई. पण पूर्वी एका दमात अख्खी पात खुरपणाऱ्या त्या ताई अर्ध्या पातीतच बांधावर जाऊन बसायला लागल्या. हंडा उचलला की छातीत धडधड. बाजारात गेल्या की काय घ्यायला आलो तेच आठवेना. गटाचा हिशोब त्याच ठेवायच्या. बेरजा चुकायला लागल्या, तेव्हा त्यांनी स्वतःहून वही दुसरीकडे दिली आणि बैठकीला येणं बंद केलं. का बंद केलं, हे कोणी विचारलं नाही. आम्हीही नाही. म्हणूनच आज हा विषय घेतला आहे.

हे दुखणं म्हणजे काय?

याला 'लाँग कोविड' म्हणतात. साध्या भाषेत, लांबलेला कोरोना. हे नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही, आजारी माणसांनी दिलं आहे. २०२० च्या मे महिन्यात इटलीतल्या एलिसा पेरेगो या संशोधक बाईंनी स्वतःच्या न संपणाऱ्या दुखण्याबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. तेव्हा डॉक्टर सांगत होते की साधा कोरोना दोन आठवड्यांत बरा होतो. जगभरातल्या रुग्णांनी सांगितलं की आमचा झाला नाही. मग हळूहळू वैद्यकीय जगाने ते मान्य केलं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली. कोरोना झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी त्रास असेल, तो किमान दोन महिने टिकला असेल आणि त्याला दुसरं कारण सापडत नसेल, तर ते लांबलेलं कोरोनाचं दुखणं समजावं. त्याच वर्षी आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानेही कोरोनानंतरच्या दुखण्यांवर उपचार कसे करावेत, याच्या मार्गदर्शक सूचना डॉक्टरांसाठी काढल्या. म्हणजे हे दुखणं सरकारदरबारी मान्य झालेलं आहे. ते नाटक नाही आणि मनाचा खेळही नाही.

किती जणांना होतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे कोरोना झालेल्या १०० माणसांपैकी सुमारे सहा जणांना. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतं. ज्यांना कोरोना जोरात झाला त्यांना धोका जास्त असतो, पण साधा ताप-खोकला होऊन गेलेल्यांनाही हे होऊ शकतं. लस घेतलेल्यांमध्ये प्रमाण कमी दिसलं आहे.

कोणकोणता त्रास होतो?

रुग्णांनी सांगितलेल्या तक्रारी मोजल्या तर दोनशेच्या वर जातात. त्यांतल्या नेहमीच्या आपण पाहू.

पहिली आणि मोठी तक्रार म्हणजे थकवा. हा दिवसभर काम केल्यावर येणारा थकवा नाही. तो रात्रीच्या झोपेने जातो. हा झोपून उठल्यावरही तसाच असतो.

दुसरी, धाप लागणं. चढावर, पाणी आणताना, कधी नुसतं बोलतानाही दम लागतो.

तिसरी, डोकं न चालणं. ऐन वेळी शब्द सुचत नाही, गॅसवर दूध ठेवलेलं विसरतं, हिशोब जमत नाही. डोक्यात धुकं साचल्यासारखं वाटतं, असं बायका सांगतात.

याशिवाय उभं राहिलं की चक्कर येणं आणि छातीत धडधडणं, सांधे आणि अंग दुखणं, झोप न लागणं, डोकेदुखी, पोट बिघडणं, वास आणि चव न कळणं. काही जणींची पाळी पुढेमागे होते, किंवा पाळीच्या दिवसांत सगळा त्रास वाढतो. हे लाजून लपवू नका. डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे ती.

हा त्रास रोज सारखा नसतो. आज बरं, उद्या वाईट. घरच्यांना नेमका यामुळेच संशय येतो. "काल तर लग्नात चांगली फिरत होती!" हो, फिरत होती. पण दोन दिवसांनी अंथरुणाला खिळते, ते कोणी धरत नाही.

हीच या दुखण्याची सगळ्यात महत्त्वाची खूण आहे. जास्त श्रम झाले की त्याचा फटका लगेच नाही, काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी बसतो. आणि एकदा बसला की दोन-चार दिवस, कधी आठवडाभरही राहतो. श्रम म्हणजे फक्त शेतातलं काम नव्हे. तालुक्याला जाऊन रांगेत उभं राहणं, घरातलं भांडण, मुलाचा अभ्यास घेणं, यानेही असं होतं. सोमवारी केलेल्या कामाचं दुखणं बुधवारी येतं, म्हणून बाईला स्वतःलाही कळत नाही की हे कशामुळे झालं.

असं का होत असावं?

एकच कारण आहे असं अजून म्हणता येत नाही. शास्त्रज्ञ तीन-चार गोष्टींवर भर देतात, आणि एकीला एक कारण तर दुसरीला दुसरं, असंही असू शकतं.

पहिलं, विषाणूचे अवशेष. काही रुग्णांच्या आतड्यात आणि शरीराच्या इतर भागांत विषाणूचे तुकडे कित्येक महिन्यांनी सापडले आहेत. शेत नांगरून झालं तरी हराळीच्या मुळ्या जमिनीत राहाव्यात, तसं.

दुसरं, शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणा शांत न होणं. जंतू आला की आपल्या शरीरातले पहारेकरी जागे होतात. जंतू गेल्यावर त्यांनी थांबायला हवं. काहींच्या बाबतीत ते थांबत नाहीत, आणि कधी स्वतःच्याच शरीरावर उलटतात. चिकनगुनिया होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने सांधे धरलेल्या बायका आपण पाहिल्या आहेत. तापानंतर दुखणं मागे राहणं आपल्याला नवीन नाही.

तिसरं, रक्तवाहिन्या. कोरोनाचा विषाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही इजा करतो. त्यातून बारीक गुठळ्या होतात आणि स्नायूंना, मेंदूला पुरेसा प्राणवायू पोचत नाही, असा एक अंदाज आहे.

चौथं, आपोआप चालणाऱ्या मज्जातंतूंचा बिघाड. आपण उठून उभ्या राहिलो की रक्त पायाकडे जातं. ते वर खेचायला शरीर आपोआप नाडी आणि रक्तवाहिन्या सांभाळून घेतं. ही व्यवस्था बिघडली की उभं राहताच धडधड होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवं झालं की बरं वाटतं.

आणि ज्यांना न्यूमोनिया झाला होता, प्राणवायू लावावा लागला होता, त्यांच्या फुप्फुसांना किंवा हृदयाला झालेली इजा भरून यायलाही वेळ लागतो.

आधी तपासण्या, मग नाव

मैत्रिणींनो, आता एक सावधगिरीची गोष्ट. प्रत्येक थकवा कोरोनाचा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. रक्त कमी असलं तरी थकवा, धाप, धडधड हेच होतं. थायरॉईड बिघडला तरी थकवा येतो आणि विसरायला होतं. साखर वाढली तरी गळून जायला होतं, आणि कोरोनानंतर काही जणांना नव्याने मधुमेह निघाला आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन कमी होणं असेल तर क्षयरोगाची तपासणी लागते, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

म्हणून आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, वजन एवढं तिथे होतं. थायरॉईड, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख यांची गरज वाटली तर डॉक्टर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतील. बोटाला लावायचा प्राणवायू मोजायचा चिमटा आशाताईंकडे असला, तर बसून एकदा आणि थोडं चालून आल्यावर एकदा मोजून घ्या. बसून आणि उभं राहून नाडी किती, हेही डॉक्टरांना तपासायला सांगा. लाँग कोविड दाखवणारी एक ठराविक रक्ताची तपासणी अजून नाही. कोणी तशी म्हणून हजारो रुपयांची तपासणी सांगितली, तर पैसे भरू नका.

आमच्या त्या ताईंचं असंच झालं. आधी हिमोग्लोबिन कमी निघालं. लोहाच्या गोळ्या घेतल्या, रक्त वाढलं, थोडं बरं वाटलं. पण बाकीचा थकवा तसाच राहिला. मग डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून?" त्यांनी सांगितलं, "कोरोनापासून." त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. दोन्ही दुखणी एकाच अंगात असू शकतात, हे यातून लक्षात घ्या.

उपाय काय?

एका गोळीने हे दुखणं मुळापासून बरं होईल, असं औषध अजून नाही. पण त्रास कमी करता येतो, आणि बऱ्याच जणींना महिन्या-महिन्याने फरक पडत जातो. धडधड, झोप, दुखणं, पोट यांवर डॉक्टर वेगवेगळी औषधं देऊ शकतात. बाकीचं बरंचसं आपल्या हातात आहे.

सगळ्यात मोठा उपाय आहे ताकदीचा हिशोब. आपण गटातल्या बायकांना हे सोपं आहे. समजा, रोज तुमच्या खात्यात ताकदीचे दहा रुपये जमा होतात. पूर्वी पन्नास व्हायचे, आता दहाच. तुम्ही पंधरा खर्च केले तर पाच रुपये कर्ज झालं, आणि या सावकाराचं व्याज फार जबर आहे. दोन दिवस अंथरुणात घालवून ते फेडावं लागतं. म्हणून आठच खर्च करायचे, दोन शिल्लक ठेवायचे. बरं वाटलं त्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायचा मोह होतो. तोच मोह टाळायचा.

हे कसं करायचं? आठवडाभर रोज संध्याकाळी आज काय काय काम केलं आणि कसं वाटलं, हे वहीत दोन ओळींत लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा. आठवड्याने कळेल की कोणत्या कामाने फटका बसतो. मग ते काम तुकड्यांत करा. धुणं एका दिवसात नाही, रोज दोन-तीन कपडे. मोठा हंडा एक नाही, छोट्या कळशीने दोन खेपा, मध्ये बसून. भाजी निवडणं, कणीक मळणं बसून. ओट्यापाशी उभं राहावं लागत असेल तर स्टूल ठेवा. थकल्यावर नाही, थकायच्या आधी विसावा घ्या. शेतातलं काम सकाळच्या गारव्यात. उन्हाने आणि फार गरम पाण्याच्या अंघोळीनेही चक्कर वाढते.

'रोज थोडं थोडं काम वाढव, अंगाला सवय होईल,' असं घरचे म्हणतात. साध्या अशक्तपणात ते ठीक आहे. पण काम केल्यावर एक-दोन दिवसांनी ज्यांना फटका बसतो, त्यांनी रेटून काम केलं तर दुखणं वाढतं. व्यायामसुद्धा डॉक्टरांना विचारूनच करायचा.

धाप लागली तर घाबरू नका. बसा, थोडं पुढे वाका, कोपरं मांड्यांवर टेका. नाकाने श्वास आत घ्या आणि फुंकणीत फुंकतो तसे ओठ करून हळूहळू सोडा. आत घ्यायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. चुलीच्या धुरापासून शक्य तेवढं लांब राहा. मिशरी आणि तंबाखू सोडा.

चक्कर येत असेल तर एकदम उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसा, मग उभ्या राहा. पाणी भरपूर प्या. मीठ वाढवायला काही जणींना डॉक्टर सांगतात, पण रक्तदाब असलेल्यांना ते घातक आहे. म्हणून स्वतःच्या मनाने करू नका.

वास गेला असेल तर नाकाला पुन्हा शिकवता येतं. लवंग, लिंबाची साल, गुलाब आणि निलगिरी, असे चार वास घ्या. प्रत्येक वास वीस सेकंद, मन लावून, सकाळ-संध्याकाळ. किमान तीन-चार महिने चिकाटीने करा. तेल नाकात घालायचं नाही, फक्त हुंगायचं. आणि वास येत नाही तोवर गॅस बंद केला का, अन्न आंबलं का, हे दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या.

खाण्याला वेगळं पथ्य नाही. डाळ, उसळ, शेंगदाणे, पालेभाजी, वर लिंबू, जमेल तेव्हा अंडं. पण सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची आपली सवय मात्र मोडा.

पैशांबद्दलही सांगतो. ताकदीची म्हणून सलाईन लावून घेणं, दर आठवड्याला इंजेक्शन, महागडी पावडर, यांनी हे दुखणं बरं होत नाही. यासाठी गटातून कर्ज काढलेलं आम्ही पाहिलं आहे. थकवा राहिला आणि हप्ताही राहिला. स्टिरॉईडच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय कधीही घेऊ नका. त्यांनी दोन दिवस तरतरी येते, पण साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात.

लगेच दवाखाना कधी?

ही यादी कापून भिंतीला लावा. छातीत दुखणं किंवा दाबल्यासारखं होणं. बसल्या जागीही न थांबणारी धाप. ओठ किंवा नखं निळी पडणं. बोटाच्या चिमट्यावर प्राणवायू ९४ च्या खाली राहणं. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं. बेशुद्ध पडणं. यांतलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.

आणि मनाचं. महिनोन्‌महिने दुखणं, वर घरातले टोमणे, यांनी कोणाचंही मन खचेल. जगणं नकोसं वाटलं तर १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर दिवसरात्र कधीही बोलता येतं. मन खचतं ते दुखण्यामुळे. मन कमकुवत म्हणून दुखणं आलं, असं नाही.

गटाने काय करायचं?

सासूबाईंनो, नवऱ्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. तुम्ही ऐकत आहात हे आम्हाला ठाऊक आहे. तिला 'उठ, कामाला लाग' म्हणण्याआधी एवढंच विचारा, "आज किती जमेल?" पाणी भरणं आणि दळण आणणं घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी उचललं, तर तिच्या दहा रुपयांतले चार वाचतात.

सावडीला जाताना तिला पात देऊ नका. शेंगा फोडणं, बी निवडणं, मुलं सांभाळणं अशी बसून करायची कामं द्या, आणि ती सावडीत मोजा. रोजगार हमीच्या कामावरही पाणी देण्यासारखं हलकं काम तिच्यासाठी मागा. दवाखान्यात जाताना एकीने सोबत जा. डॉक्टरांसमोर ती निम्मं विसरते, ते तुम्ही सांगा. आणि बैठकीला कोणी सलग दोनदा आलं नाही, तर दंड लावण्याआधी तिच्या घरी जाऊन या.

आम्ही त्या ताईंच्या घरी गेलो, तेव्हा उशीर झाला होता. पण गेलो. आता बैठक त्यांच्याच ओसरीवर होते, म्हणजे त्यांना चालावं लागत नाही. हिशोबाची वही पुन्हा त्यांच्याकडे आहे. बेरीज दुसरी एक जण मोबाईलवर तपासते. त्या पूर्ण बऱ्या नाहीत. वाईट दिवस अजून येतात. पण परवा त्यांच्या सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "तिला दुपारी हाक मारू नका, तिची विसाव्याची वेळ आहे."

तुमच्या गटात अशी कोणी आहे का, या आठवड्यात आठवून पाहा. येतो आम्ही. नमस्कार.